तीर अवघड, कमठा सोपा

घरी तीरकमठा करायला बसलेला माणूस जवळजवळ सगळा वेळ कमठ्यावर घालवतो. बांबू पारखतो, तासतो, वाकवून पाहतो, दोरी किती ताणली जाते याचा अंदाज घेतो. तीर मात्र शेवटच्या अर्ध्या तासात, हाताशी येईल त्या काडीतून उरकला जातो. लातूरच्या शिवारात ही काडी बहुधा तुराटी असते, नाहीतर ज्वारीचं धाट. मग नेम चुकला, तीर आडवातिडवा गेला की दोष पुन्हा कमठ्यालाच, आणि पुढचा कमठा आणखी जाड. घरगुती तीरकमठ्यात मेहनतीचा हिशेब उलटा लावला जातो, असं माझं म्हणणं आहे. साधा बांबूचा कमठा बराच चुकला तरी काम देतो. तीर थोडाही चुकला तर काम देत नाही. ज्याला दोन दिवस मोकळे आहेत त्याने अर्धा दिवस कमठ्याला द्यावा आणि दीड दिवस तिरांना.

आधी कमठ्याचं बोलू, कारण तो खरोखरच सोपा आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरच्या डोंगररांगांत मानवेल उगवतो. हा बांबू जाड भिंतीचा, खाली तर जवळजवळ भरीवच असतो, आणि कमठ्याला हवा तो हाच. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, तिथे डोंगरातल्या बांबूचा प्रश्नच येत नाही; पण औशाजवळच्या लोदग्यातून पाशा पटेल यांनी शेतातल्या बांबूचा जो प्रचार चालवला, त्यामुळे बांधावरचा बांबू आता तिकडेही दिसतो. २०१७ साली भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू वगळला गेला, म्हणून आपल्या शेतातला बांबू तोडणं हा पूर्वीसारखा परवान्याचा विषय उरलेला नाही. जंगलातल्या बांबूचं तसं नाही, तिथले नियम वेगळे आहेत. हे सगळं नको असेल तर गावातल्या बुरूड गल्लीत जावं. तीन वर्षांच्या पुढचा, हिवाळ्यात तोडलेला, सावलीत वाळलेला बांबू मागावा. कोवळ्या बांबूत पाणी आणि पिष्ट जास्त असतं. तो वाकला की वाकलेलाच राहतो आणि भुंगाही त्यालाच आधी लागतो.

या बांबूची दीडेक मीटर लांब, मधे साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि टोकांकडे दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत निमुळती होत जाणारी कामटी काढली की कमठ्याचं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं निसर्गाने आधीच करून ठेवलेलं असतं. बांबूचे बळकट तंतू त्याच्या सालीलगत दाटीने असतात आणि आतल्या बाजूला विरळ होत जातात. कमठा खेचला की नेमबाजापासून लांबची बाजू ताणली जाते आणि जवळची दबते. म्हणून साल बाहेर, लक्ष्याच्या दिशेला ठेवायची, तिला सुरीही लावायची नाही. तासायचं ते आतून आणि कडांवरून. दोन्ही भुजा सारख्या वाकतात का एवढंच बघायचं. जिथे वाक कमी तिथे आतून थोडं तासायचं, जिथे जास्त तिथे हात आवरायचा. धारदार कोयता, पटाशी आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा एवढ्या हत्यारांवर हे होतं. टोकांना खाचा पाडून अंबाडीच्या वाखाची घट्ट पीळ घातलेली दोरी लावली, किंवा बाजारातली नायलॉनची, की कमठा तयार. खानदेशात सातपुड्यातले भिल्ल तर दोरीही बांबूच्याच सालीची करत आले आहेत, म्हणजे एका झाडात सगळं भागलं.

आता यात चूक झाली तर काय होतं ते बघा. कामटी दहा मिलिमीटरऐवजी नऊ मिलिमीटर जाड राहिली तर तिचा ताठरपणा सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ऐकायला हे भयंकर वाटतं. प्रत्यक्षात एवढंच होतं की बारा किलो खेचीचा ठरवलेला कमठा नऊ किलोंच्या आसपास खेचीचा होतो. तो तरीही कमठाच असतो, रोज सारखाच वागतो, आणि नेमबाजाचा हात आठवड्याभरात त्याला सरावतो. एक भुजा दुसरीपेक्षा जरा ताठ राहिली तरी मूठ बोटभर वर-खाली धरून ती चूक बरीचशी झाकता येते. कमठा एकच असतो आणि त्याची तुलना फक्त त्याच्याशीच होते. तिरांचं तसं नाही. ते पाच-सहा तरी लागतात, आणि प्रत्येक तीर बाकीच्यांसारखाच उडला नाही तर नेम धरण्याला अर्थ राहत नाही, कारण मागच्या तिराने शिकवलेलं पुढच्या तिराला लागू पडत नाही. त्यात गोल काडीचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. आठ मिलिमीटरची काडी सात मिलिमीटरची झाली की ताठरपणा एकदम चाळीस टक्क्यांनी घसरतो. डोळ्याला हा फरक दिसतसुद्धा नाही.

पण तिराचा ताठरपणा एवढा महत्त्वाचा का? काडी सरळ आहे, टोक आहे, मग ती वाकते किती याच्याशी काय देणंघेणं? हा आक्षेप स्वाभाविक आहे आणि त्याचं उत्तर कमठ्याच्या आकारातच आहे. साध्या कमठ्यात तीर मुठीच्या मधून जात नाही, बाजूने जातो. मूठ तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे उजव्या हाताने खेचणाऱ्याचा तीर मध्यरेषेच्या दीड-पावणेदोन सेंटिमीटर डावीकडे टेकलेला असतो. दोरी सुटते तेव्हा ती मध्यरेषेकडे धावते. तिराचं शेपूट दोरीबरोबर मध्याकडे ओढलं जातं, टोक मात्र मुठीच्या डावीकडे अडकलेलं. हिशेबाने तीर दर खेपेला डावीकडे भरकटायला हवा. चांगल्या नेमबाजाचा तो तसा भरकटत नाही, हे कोडं पाश्चात्त्य तिरंदाजांना बराच काळ पडलं होतं. १९३०च्या दशकात क्लॅरन्स हिकमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रण करून ते दाखवून दिलं. दोरीचा धक्का बसताच तीर धनुकलीसारखा वाकतो, मुठीला वळसा घालतो, उलट बाजूला वाकतो, आणि मूठ ओलांडून गेल्यावर हळूहळू सरळ होत लक्ष्याकडे जातो. हे सगळं सेकंदाच्या लहानशा अंशात उरकतं. तीर जास्त ताठ असेल तर वळसाच घेत नाही, मुठीवर आपटून डावीकडे जातो. जास्त लवचिक असेल तर गरजेपेक्षा जास्त वाकून उजवीकडे. म्हणजे तिराचा ताठरपणा कमठ्याच्या खेचीशी जुळावा लागतो. दुकानात मिळणाऱ्या कार्बनच्या तिरावर ताठरपणाचा आकडा छापलेला असतो तो याचसाठी. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी जागतिक विजेती झाली. त्या पातळीवर तर तीर मोजून, तोलून, जुळवूनच निवडले जातात. बांबूच्या कमठ्याला भौतिकशास्त्र वेगळं लागत नाही.

वजनाचंही तेच आहे, आणि इथे ज्वारीचं धाट नापास होतं. बारा किलो खेचीचा कमठा अर्धा मीटर खेचला की त्यात सुमारे एकोणतीस ज्यूल ऊर्जा साठते. यातली निम्मी जरी पंचवीस ग्रॅमच्या तिराला मिळाली तरी तो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. घरी केलेली वस्तू म्हणून तिला खेळणं समजू नये ते याचमुळे. तिराला न मिळालेली ऊर्जा कमठ्याच्या भुजांत आणि दोरीत धडधडत राहते. तीर जितका हलका तितका हा वाटा मोठा. वाळलेलं धाट आठ-दहा ग्रॅमचं. ते लावून पूर्ण खेच सोडणं हे जवळपास रिकामी दोरी सोडण्यासारखं, आणि रिकामी दोरी सोडल्याने कमठे चिरतात हे प्रत्येक तिरंदाजाला ठाऊक असतं. म्हणजे कमठा फुटला तरी त्याचं कारण कधी कधी तिरात शोधावं लागतं. तुराटी वजनाला ठीक, पण ती जागोजागी वाकडी, फांद्यांच्या खुणांवर कच्ची आणि ठिसूळ. दोरीचा धक्का बसताना ती फुटली तर तिची कुसळं थेट कमठा धरलेल्या हातात घुसतात. चुलीला तुराटी उत्तम. तिराला नको.

तिराला काय हवं, तर पुन्हा बांबूच. लांब पेरांचा, बारीक, पक्व बांबू, किंवा जाड कामटीतून चिरून गोल तासलेली काडी. सत्तर सेंटिमीटर लांब, साडेसात-आठ मिलिमीटर जाड, टोकासह पंचवीस ते तीस ग्रॅम. काडी वाळल्यावर निखाऱ्यावर शेकायची, गरम असताना हाताने सरळ करायची, थंड होईपर्यंत धरून ठेवायची, एका डोळ्याने लांबीभर पाहायची, पुन्हा शेकायची. हे काम एका बैठकीत होत नाही; वाकडेपणा दुसऱ्या दिवशी परत येतो आणि पुन्हा शेकावं लागतं. दोरीची खाच शक्यतो गाठीजवळ पाडायची, म्हणजे काडी उभी चिरत जाणार नाही, आणि खाचेच्या खाली दोरा घट्ट गुंडाळायचा. आता ताठरपणाची परीक्षा. भिंतीत सहासष्ट सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकून काडी त्यांवर ठेवायची आणि मधोमध नऊशे ग्रॅम वजन टांगायचं. बारा किलोंच्या कमठ्याला काडी पंचवीस मिलिमीटरच्या आसपास खाली यावी. तराजू आणि पट्टी एवढंच लागतं. सगळ्या काड्या दोन-तीन मिलिमीटरच्या फरकात बसेपर्यंत कमी झुकणाऱ्या तासायच्या, फार झुकणाऱ्या बाजूला टाकायच्या. दहातल्या चार टाकाव्या लागल्या तरी वाईट वाटून घेऊ नये.

हे वेड आजचं नाही. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत बाणांचे प्रकार त्यांच्या वजनाच्या ठेवणीवरून पाडले आहेत: पुढे जाड तो स्त्रीबाण, मागे जाड तो पुरुषबाण, सर्वत्र सारखा तो नपुंसक. पहिला लांब जातो, दुसरा खोल रुततो, तिसरा नेमाच्या सरावाला, असंही सांगितलं आहे. त्यातला प्रत्येक दावा आजच्या मोजणीला उतरेलच असं नाही, पण तिराचं वागणं त्याच्या वजनाच्या जागेवर ठरतं हे त्या लोकांना पक्कं कळलं होतं. महाकाव्यांत बाणांना कंकपत्र, गार्ध्रपत्र म्हटलं जातं ते पिसांवरून. युरोपात १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यात चौदा तीर होते. त्यांतले पिसं आणि गारगोटीचं टोक लावून पूर्ण झालेले फक्त दोन. त्याचं धनुष्यही अपुरंच होतं हे खरं, तेव्हा या एका माणसावर माझा सगळा युक्तिवाद टांगणार नाही. पण काम एका धनुष्याचं बाकी होतं आणि बारा तिरांचं, एवढं तरी दिसतंच.

नांदेडात या विषयावर बोलताना गुरू गोविंदसिंगांना वगळून चालणार नाही. १७०८ साली गोदावरीकाठी माधोदास बैरागी त्यांना शरण आला, बंदासिंग झाला, आणि पंजाबकडे निघताना गुरूंनी त्याला आपल्या भात्यातले पाच बाण दिले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरूंची म्हणून जतन केलेली जी शस्त्रं आहेत त्यांत धनुष्यंही आहेत आणि बाणही. परंपरा असंही सांगते की त्यांच्या बाणांना सोनं लावलेलं असे. इथे कोणी म्हणेल की त्या काळातलं धनुष्य म्हणजे शिंग, लाकूड, स्नायूंचे तंतू आणि सरस यांचे थर. ते करायला महिनेच्या महिने लागत, वर्षभरही लागे. मग धनुष्य सोपं कसं? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. मोगली धाटणीच्या जोडधनुष्यापुढे बाण करणाऱ्याची मेहनत थोडीच. पण ते धनुष्य घरात कोणी करत नव्हतं, त्याचे कारागीर वेगळे असत, आणि पावसाळ्यात त्याचा सरस ढिला पडे. हिंदुस्थानात सतराव्या-अठराव्या शतकांत पोलादी धनुष्यं निघाली त्यामागे हेही एक कारण होतं: कोठारात वर्षानुवर्षं पडली तरी ती बिघडत नसत. माझं म्हणणं एका कामटीच्या कमठ्यापुरतं आहे. ज्याच्या घरी शिंगाचं धनुष्य जमवण्याची तयारी आहे त्याने हा लेख खुशाल बाजूला ठेवावा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. जगात असे शिकारी समाज आहेत, ज्यांच्या तिरांना पिसंच नसतात. न्यू गिनीतले लांबलचक बिनपिसांचे तीर प्रसिद्ध आहेत. तरीही नेम लागतो, मग या मोजमापाची मिजास कशाला? पण त्या तिरांकडे नीट पाहिलं तर त्यांत निष्काळजीपणा दिसत नाही. ते खूप लांब असतात, पुढचा भाग जड लाकडाचा असतो, आणि अंतर थोड्या पावलांचं असतं. टोक जड आणि शेपूट हलकं असलं की तीर हवेत आपोआप टोकाकडून सरळ राहतो. पिसांचं काम वजनाच्या जागेने केलेलं असतं. आपण छोटा, हलका तीर घेऊन वीस-तीस मीटरवर मारणार असू तर ती सोय आपल्याला नाही. मग तीन पिसं लावावीच लागतात, आणि तीही एकाच बाजूच्या पंखातली, कारण डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांचा बाक उलट असतो. मिसळली तर तीर हवेत गोंधळतो. कोंबड्याची पंखातली लांब पिसं पुरतात. मोरपिसाचा मोह टाळावा. मोर संरक्षित पक्षी आहे आणि पिसांसाठी त्याला त्रास देणं गुन्हा. गिधाडांबद्दल तर बोलायलाच नको. गुरांच्या डायक्लोफिनॅकने त्यांची अशी वाट लागली की २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं.

तिसरा आक्षेप पालकांचा असेल: पोराला दसऱ्याला खेळायला काहीतरी हवं, त्यात ताठरपणा कसला मोजता? खेळण्यापुरतं हवं असेल तर कमठाच तीन-चार किलो खेचीचा करावा, म्हणजे तिराचे बहुतेक प्रश्न सौम्य होतात, आणि टोकाला कापडाचा घट्ट बोळा किंवा जाड रबर बांधावं. बारा किलोचा कमठा आणि टोकदार तीर मुलाच्या हातात देऊन वर तुराटी लावणं हे मात्र तिन्ही बाजूंनी चुकीचं. नेम धरायला सोयाबीनच्या भुसकटाने ठासून भरलेली दोन पोती एकावर एक ठेवली तरी चालतं. मागे मातीचा बांध हवा, भिंत नको, कारण भिंतीवरून तीर उलटा येतो. आणि हे सगळं लक्ष्यापुरतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार गुन्हा आहे. ससा, तितर यांच्यामागे कमठा घेऊन फिरण्याला त्यातून सूट नाही, मग ते पैनगंगा अभयारण्यात असो की गावाच्या माळावर. तिरंदाजीची हौस पुढे न्यायची असेल तर बांबूच्या कमठ्यांसाठी इंडियन राउंड नावाचा स्पर्धाप्रकार देशात आहे. तीस आणि पन्नास मीटरवरून नेम मारायचा असतो, आणि तिथे गेल्यावर तिराबद्दलचं माझं म्हणणं कोणाला पटवून द्यावं लागत नाही.

राहिला पिसं कधी लावायची हा प्रश्न. बहुतेकजण काडी सरळ झाली की लगेच पिसं चिकटवतात, आणि मग काडीची चूक पिसांमागे लपते. त्याऐवजी टोक बसवून, पिसं न लावता, आठ-दहा पावलांवरून पोत्यावर मारून पाहावं. वारा नसावा, सकाळची वेळ बरी. उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बिनपिसाचा तीर शेपूट उजवीकडे ठेवून डावीकडे रुतला तर काडी ताठ आहे. मधला भाग थोडा तासावा किंवा टोक जरा जड करावं. उजवीकडे गेला तर काडी नरम आहे. पुढून बोटभर कापून आखूड करावी, आखूड काडी ताठ होते. टोक वर आणि शेपूट खाली असं रुतलं तर दोरीवर तीर लावायची जागा थोडी वर घ्यावी, उलटं झालं तर खाली. दर बदलानंतर तीन-चारदा मारून पाहावं, कारण एका फटक्यात हाताची चूकही मिसळलेली असते. तीर पोत्यात सरळ उभा राहायला लागला की मग सरस किंवा फेविकॉल घ्यावा आणि पिसं चिकटवावीत.